उजव्या खांद्यावरची पाकळी

नवऱ्यालासुद्धा बोलले नाही कधी. आईला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — तुम्ही त्या गावचे नाही म्हणून असेल. तोंडावर थुंकायला समोर नाही म्हणूनही असेल. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

कवठे महांकाळच्या पुढचं गाव. नाव राहू दे. तिथला रस्ता रुंद होणार होता. रुंदीकरणाच्या पट्ट्यात जुनं काय सापडतंय ते बघायचं आणि मशिनी यायच्या आत जमेल तेवढं वाचवायचं, हे माझं काम. नोकरी हंगामी, पण पुरातत्त्व शिकलेल्या सांगलीच्या पोरीला घराजवळ काम मिळालेलं — लय मिजास होती मला! खापरं, जुन्या विटा, पडक्या चौथऱ्याची मापं, सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते वीरगळांपाशी.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. म्हणजे माझ्या लेखी. गावाच्या लेखी ते देव होते. शेंदूर-तेलाचे थर चढून चढून कोरीवकाम पार बुजलेलं. त्यातला सगळ्यात मोठा तारूआक्काच्या घराण्याचा मूळपुरुष. आक्काच्या पडवीत मी रोज जेवायचे. भाकरी थापता थापता ती त्या दगडाबद्दल बोलायची, ‘दादा’ म्हणायची त्याला. घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका दादाला, बाळंतीण पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली की दादाच्या पायाशी. एकदा तिनं मला विचारलं, “पोरी, हितनं हलवला तर त्यो आमाला वळखंल का गं?” मी हसले. होय, हसले.

आमच्या साहेबांचं म्हणणं, दगड रस्त्याच्या ठेकेदाराच्या आवारात हलवू, शाळेजवळ शेड बांधली की तिथं नेऊ. गाव म्हणालं, दादालाच विचारू. कौल लावू. दगडाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि नाही आलं तर गाव रस्त्यावर बसणार होतं. शेजारच्या गावानं असंच बसून रस्ता थोडा सरकवून घेतला होता. मला ते माहीत होतं — नीट माहीत होतं. म्हणजे वाट होती. हे विसरू नका. मीही विसरत नाही.

येते, मुद्द्यावर येते.

कौलाच्या दिवशी सकाळी मी दादाची पूजा करणाऱ्या गुरवमामांना म्हटलं, फोटोसाठी दगड जरा पुसून घेते. ते म्हणाले, घे की! माझ्याकडे थिनर होतं, कापूस होता. उजवा खांदा घासून घासून कोरा दगड उघडा केला. डाव्याला हात लावला नाही — खोटं कशाला बोलू, लावला. बोटभर तेलातला ताजा शेंदूर लावला. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. कुणाला काय कळणार होतं? मामांनी तर कौतुक केलं, पोरगी किती मायेनं करती म्हणून.

ऊन चढलं. कोऱ्या दगडावरचं पाणी सुकलं आणि उजवी पाकळी पडली. डावी शेंदरात रुतून बसलेली. ‘दादाच्या नावानं चांगभलं!’ म्हणून सगळं गाव ओरडलं. तारूआक्का रडत होती. मी फोटो काढत होते.

का केलं? दगड वाचावेत म्हणून, असं कैक वर्षं मी स्वतःला सांगितलं. साफ खोटं. गाव रस्त्यावर बसलं असतं तर काम रखडलं असतं, आणि रखडवणाऱ्या पोरीला पुढचं काम कुणी दिलं असतं? मला पुढचं काम मिळालं. त्याच्या पुढचंही मिळालं.

शेड काही झाली नाही. आज होईल, उद्या होईल, करत रस्ता पुरा झाला, ठेकेदारानं आवार सोडलं. जागेच्या मालकाला रान मोकळं हवं होतं. जेसीबीवाल्यानं तिथला सगळा राडारोडा पडक्या विहिरीत ढकलला आणि विहीर बुजवली. दगड त्यातच गेले. मला कळलं तेव्हा वरती ऊस उभा होता. उकरायचं म्हणून दोन-चार ठिकाणी फोन केले. कुणी ऐकून घेतलं नाही. मीही नेट लावला नाही. लावला असता तर कौलाची गोष्ट निघाली असती.

गेल्या उन्हाळ्यात आक्काच्या नातीचं लग्न होतं. मला आवर्जून बोलावलं, गेले. आक्का आता पार वाकलीय, दिसतही नाही नीट. पहिली पत्रिका तिनं रस्त्याच्या कडेला ठेवली होती म्हणे, दादा होता त्या जागी. ट्रकच्या वाऱ्यानं उडून गेली. जेवणं झाल्यावर तिनं मला जवळ बसवून घेतलं. माझा हात धरला, आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “लय इचार केला मी. आमचंच कायतरी चुकलं आसंल. त्याला आमच्यात ऱ्हायचंच नव्हतं. तू हुतीस की तवा. सांग बरं — त्यानं मनानंच उजवा दिला न्हवं?”

हात तिनं घट्ट धरला होता.

मी म्हटलं, “होय आक्का. मनानंच.”