उखर्डू मिस्त्रींनी बसवलेला गिअरबॉक्स

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उखर्डू मिस्त्री बावीस वर्षं फिटर होते. यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान हळूहळू गेले आणि १९४२ साली मॅनेजरनं त्यांना घरी बसवलं. बहिरा माणूस यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ नको, एवढंच कारण दिलं. उखर्डूंनी वाद घातला नाही. हत्यारं पोत्यात बांधून आणली आणि देवपुरात घरापुढच्या छपरात खिळ्यांना टांगली.

पुढच्या उन्हाळ्यात मुख्तार त्या छपरात आला. धुळे-शिरपूर रस्त्यावर त्याची उतारूंची एक सर्व्हिस मोटार चालायची. सोनगीरच्या चढावर तिचा गिअरबॉक्स फुटला होता आणि लढाईमुळे मुंबईहून नवा मिळेना. इंजिन अडतीस सालचं, ठणठणीत होतं. मुख्तारनं पाचोऱ्याच्या भंगारातून एकोणतीस सालच्या लॉरीचा गिअरबॉक्स आणला, पण तो या इंजिनाला बसवायला गावातला कुणी मोटारवाला तयार होईना.

उखर्डू समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत. मुख्तारचे ओठ मात्र दाढीमिशांत बुडालेले. म्हणून त्यांची बायको भिकुबाई प्रत्येक वाक्य त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायची.

"मोटारनं काम मी कधी करेल नही," सगळं ऐकून उखर्डू म्हणाले. "पन लोखंड तं तेच शे."

इंजिनाची बोल्टची भोकं आणि गिअरबॉक्सची भोकं कुठंच जुळत नव्हती. उखर्डूंनी दोहोंच्या मध्ये बसेल अशी जाड लोखंडी प्लेट कापली आणि तिला दोन्हीकडची भोकं पाडली. प्लेटच्या जाडीमुळे गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या जड चाकापर्यंत, फ्लायव्हीलपर्यंत पोचेना, तेव्हा त्याला टेकू म्हणून पितळेची लांब बुश, म्हणजे नळी, करून घेतली. क्लचप्लेटही दांड्यावर चढेना. तिचा मधला भाग काढून त्यांनी जुन्या लॉरीच्या क्लचप्लेटचा भाग रिव्हेट मारून बसवला. आठ दिवसांनी मोटार छपराबाहेर निघाली.

फर्लांगभर गेली नाही तोच तिसरा गिअर आपोआप सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. मुख्तार खाली उतरून चालत छपराशी परत आला.

"राहू द्या मिस्त्री. जुन्या-नव्याचं नाही जमत."

भिकुबाईनं हे सांगताना मान खाली घातली. उखर्डूंना तरी कळलं.

"गिअरनी चूक नही, मन्ही शे," ते म्हणाले. "परत उघाडसू."

त्या दुपारी ते जेवले नाहीत. बोल्टच्या भोकांवरून आपण मध्य धरला, पण फिरतो तो इंजिनाचा दांडा. मध्य त्याच्यावरून धरायला हवा होता. जिनमध्ये दोन शाफ्ट एका रेषेत आणताना ते हेच करत आले होते. मोटार म्हणून बुजलो, असं ते भिकुबाईला म्हणाले.

त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट इंजिनालाच ठेवली. फ्लायव्हीलला तारेचा काटा बांधला, त्याचं टोक प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्ससाठी पाडलेल्या गोल भोकाच्या कडेशी आणलं. ते हँडलनं इंजिन थोडंथोडं फिरवत आणि भिकुबाई काटा व कड यांच्या फटीत कागदाची पट्टी घालून बघे. वर पट्टी अडकायची, खाली ढिली पडायची. ती मान हलवे, ते कानस घेऊन बोल्टची भोकं जरा वाढवत आणि प्लेट केसभर सरकवत. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी पट्टी चारी बाजूंनी सारखीच अडू लागली. उखर्डूंनी तिथंच पिना ठोकून प्लेट पक्की केली आणि गिअरबॉक्स परत चढवला.

या खेपेला ते मुख्तारच्या शेजारी बसले, तळहात गिअरच्या दांड्यावर. सोनगीरच्या चढाला मुख्तारनं गिअर बदलला आणि दाते करकरले. उखर्डूंना ते हातात कळलं.

"दोनदा दाब क्लच. जुनं शे ते, दमानं घे."

मुख्तारनं तसं केलं. गिअर पडला आणि सुटला नाही. चढ संपेपर्यंत उखर्डूंनी दांड्यावरचा हात काढला नाही.

ती मोटार त्याच गिअरबॉक्सवर चार वर्षं शिरपूरला जात राहिली. त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत छपरापुढं दोन लॉऱ्या दुरुस्तीला येऊन उभ्या होत्या. भिकुबाई बाहेर बसून ड्रायव्हरचं गाऱ्हाणं ऐकून घेई आणि मग आत जाऊन नवऱ्यासमोर उभी राहून नीट सांगे.