इथिओपियाची चार पानं

मराठी मंडळातल्या काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. शुक्रवारची दुपार होती.

"अगं, तुझं ते इथिओपियाचं ब्रोशर एकदम हिट आहे," ते म्हणाले. "मी ते इंग्लिशमध्ये कन्व्हर्ट करून घेतलं. दोन मिनिटांत झालं. इथल्या इथिओपियन चर्चच्या लोकांनाही फॉरवर्ड केलं, म्हणजे उद्या तेही येतील."

"कुणाला फॉरवर्ड केलं, काका?"

"त्यांच्या कमिटीवर एक बाई आहेत. फार गोड बोलतात. तुझ्या खालच्या शेजारणीच्या मुलाची होणारी सासू म्हणे. स्मॉल वर्ल्ड, नाही?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला गाडी सुरू करता आली नाही, एवढं आठवतं.  त्या चार पानांतल्या तिसऱ्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं.

आमच्या मराठी मंडळाने इथे अमेरिकेत, बॉथेल गावातल्या एका लायब्ररीत कार्यक्रम ठरवला होता. आपल्या शेजारी कुठल्या देशाची माणसं राहतात, त्या देशाची चार पानांत ओळख करून द्यायची, आणि शक्य झालं तर त्या शेजाऱ्यांनाच बोलवायचं. मी इथिओपिया घेतला. माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये इथिओपियाची एक बाई राहते. पन्नाशीची, वृद्धांच्या केअर होममध्ये काम करणारी. मी तिला मावशी म्हणते. त्याचा अर्थ एकदा समजावून सांगितल्यापासून ती त्या हाकेला ओ देते.

मी पुस्तिकांवर वाढले. नागपूरला आमच्या घरात कपाटापेक्षा पुस्तिकांचे गठ्ठे जास्त होते. दरवर्षी दीक्षाभूमीवर वडील स्टॉल लावायचे आणि मी गठ्ठ्यांवर बसून वाचायची. सोळा पानं, बत्तीस पानं, पातळ निळं कव्हर. ज्यांना वर्तमानपत्रात जागा नव्हती त्यांचं सगळं त्यात असायचं. जे आपण छापत नाही ते घडलंच नाही असं लोक बिनदिक्कत सांगतात, हे वडील इतक्यांदा म्हणायचे की ते मला श्वासासारखं झालं. कुणी काही खरं सांगितलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो.

मावशीकडे मी शनिवारी कॉफीला जायचे. ती जमिनीवर गवत पसरायची, हिरव्या बिया धुऊन तव्यात भाजायची आणि त्यांचा धूर प्रत्येकाच्या तोंडाशी नेऊन धरायची. मग कुटून, लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात उकळून, बिनकानाच्या छोट्या कपांत वरून बारीक धार धरायची. कॉफी तीनदा होते. तिसऱ्या वेळेआधी उठणं म्हणजे अपमान. त्या दोन तासांत तिचा देश माझ्यापुढे उलगडत गेला. उत्तरेकडच्या डोंगरांत गवत खाणारी माकडं आहेत, छातीवर लाल डाग असलेली. संध्याकाळ झाली की ती सगळी टोळी कड्यावरून खाली उतरते आणि कपारीत झोपते. एका खोलगट वाळवंटात जमिनीतून पिवळं-हिरवं पाणी उकळत असतं आणि माणसं मिठाच्या लाद्या कापून उंटांवर लादतात. एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेली चर्चं आहेत. मी तिला वेरूळचा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही वेडे लोक होते." त्यांच्या वर्षात तेरा महिने असतात. त्यांची भाकरी आंबोळीसारखी जाळीदार आणि जास्त आंबट. पाहुण्याला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवतात आणि घास जितका मोठा तितकं प्रेम. मला भरवलेल्या घासाने माझा जीव गुदमरला होता. आपल्या इतिहासात हबशी म्हणून आलेली कितीतरी माणसं त्याच मुलखातून आणलेली, हे मी तिला सांगितलं. 

एकदा मी सहज विचारलं, हे भांडं कोण घडवतं?

तिने गॅस बारीक केला. म्हणाली, "माझी आई घडवायची."

आणि मग सांगितलं. तिच्या भागात मडकी घडवणारे, लोखंड तापवणारे, कातडी कमावणारे यांच्याशी कुणी लग्न करत नाही. त्यांची नजर लागते म्हणतात. रात्री ते तरस होऊन फिरतात म्हणतात. आईने केलेल्या भांड्यातली कॉफी सगळं गाव प्यायचं, पण आई त्या घरांत गेली तर दाराशी बसायची आणि तिचा कप वेगळा असायचा. इथे, अमेरिकेत, तिच्या लोकांपैकी कुणाला हे माहीत नाही. वडील शाळामास्तर होते असं ती सांगते. मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी त्यांच्याच चर्चमधली, मोठ्या घरची.

तिने मला हे सांगितलं कारण त्याआधी मी तिला माझं सांगितलं होतं. या देशात ते मी तिलाच सांगितलं होतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पुण्या-मुंबईच्या लोकांना काही कळत नाही. "तुम्ही कुठल्या?" असं मंडळात कुणी विचारलं की मी "नागपूरची" म्हणायची आणि चिवड्याची प्लेट पुढे करायची. काका आमच्याच कंपनीत, माझ्या मॅनेजरचे मॅनेजर. माझा व्हिसा कंपनीच्या हातात. मंडळाच्या मागच्या दिवाळी अंकात माझ्या लेखातला 'जात' हा शब्द काकांनीच काढायला लावला होता. "आपल्याकडे संपलं ते सगळं, कशाला उगाच?" तेव्हा मी आठवडाभर जळत होते, पण लेख त्या शब्दाविनाच छापू दिला. म्हणजे कागदावर आग आणि पार्किंगमध्ये गप्प. हे मी स्वतःविषयी लिहितेय, कारण दुसऱ्याविषयी लिहून बसले होते.

तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: "माझ्या शेजारणीची आई ही भांडी घडवायची. ज्या हातांनी भांडं घडवलं त्या हातांना कॉफीच्या बैठकीत जागा नव्हती, फक्त दाराशी होती." तिचं नाव लिहिलं नव्हतं. मराठीत लिहितेय, मराठी माणसं वाचतील, तिच्यापर्यंत किंवा तिच्या लोकांपर्यंत हे कसं जाणार, असं मी धरून चालले होते. मराठी म्हणजे दार लावलेली खोली असं मला वाटायचं. काकांनी दोन मिनिटांत ते दार उघडलं. आणि शेजारीण कोण हे शोधायला फार कष्ट नव्हते. कार्यक्रमात कॉफी करायला तीच येणार होती.

मी काकांना परत फोन केला. "तो तिसऱ्या पानावरचा परिच्छेद काढायचाय."

"आता? अगं, प्रिंट झालंय. आणि का काढायचा? तोच तर बेस्ट आहे. काकूलासुद्धा वाचून दाखवला. तिकडेही जात असते, बघ, आपल्याला माहीतच नसतं."

"काका, प्लीज."

"बरं, बरं. शेवटचा कागद, तिसरं-चौथं पान, काढून घे सगळ्यांचा. पण मेल गेलाय तो गेलाय."

संध्याकाळी मी तीनदा जिना उतरले आणि तीनदा तिच्या दारावरून परत आले. आत तिचा मुलगा आणि ती लग्नाच्या हॉलच्या भाड्यावरून हसतखिदळत भांडत होते. त्याच्या देखत काय सांगणार?

सकाळी ती भांडं टॉवेलमध्ये गुंडाळत होती तेव्हा सांगितलं. फोनवर इंग्रजी पानही दाखवलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. मी उभीच होते. ती ओरडेल, मला घराबाहेर काढेल, या सगळ्याची मी तयारी केली होती.

"कुणाला गेलंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. चेहरा राखाडी झाला होता. मी म्हटलं, "तू येऊ नकोस. तुला बरं नाही असं मी सांगते."

"मी गेले नाही, तर तिला उत्तर मिळेल," ती म्हणाली आणि टॉवेलला गाठ मारली.

लायब्ररीत धूर चालणार नव्हता. बिया घरूनच भाजून आणल्या होत्या, विजेच्या शेगडीवर फक्त उकळायचं होतं. मी दाराजवळच्या टेबलावर बसून प्रत्येक प्रतीतलं तिसरं-चौथं पान फाडून पिशवीत कोंबत होते. दर वेळी दार उघडलं की मी मान वर करून बघायचे. मराठी माणसं आली, मुलं आली, मुलांनी कॉफीसोबत ठेवलेलं पॉपकॉर्न इंग्रजीत मागितलं. मग पांढरी सुती वस्त्रं, हिरवे काठ, अशा चार-पाच बायका आल्या. त्यांतली सगळ्यात उंच बाई, तीच मावशीच्या मुलाची होणारी सासू, सरळ मावशीकडे गेली. दोघींनी गालाला गाल लावले, तीनदा. खूप वेळ त्या हळू आवाजात काही बोलत होत्या. मला त्यांची भाषा कळत नाही. मी फक्त मावशीच्या पाठीकडे बघत होते.

पहिली कॉफी झाली. दुसरी ओतली जात असताना ती उंच बाई माझ्या टेबलाशी आली. पर्समधून तिने घडी केलेले चार कागद काढले.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"छान आहे. माकडांचं वाचून मला माझे वडील आठवले." तिचं बोट तिसऱ्या पानावर सरकलं. "ही शेजारीण कोण?"

काका चिवड्याचा ट्रे घेऊन माझ्या बाजूलाच उभे होते. पलीकडे मावशी कॉफी ओतत होती. धार बारीक आणि सरळ होती, पण कप भरल्यावरही ती थांबेना. बशीत कॉफी सांडायला लागली होती.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.  "तुमच्याकडच्या कुंभारांचं मी एका पुस्तकात वाचलं होतं. लिहिताना दोन गोष्टी एकात एक मिसळल्या. दाराशी बसणारी बाई इथिओपियातली नाही. ती माझी आजी. महाराष्ट्रातल्या खेड्यातली."

"तुमची आजी मडकी करायची?"

"नाही. आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. आजीला चहा कान तुटलेल्या कपात मिळायचा. तो कप गोठ्यात ठेवलेला असायचा."

बाईने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. तिने घडी घातली, नीट, आधीच्याच रेघांवर. "आमच्याकडे असं काही नाही," ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये ठेवून परत कॉफीकडे गेली.

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला. "अगं, तू कधी बोलली नाहीस." मग म्हणाले, "म्हणजे, आम्हाला तसं काही नसतं. पण सांगायचं की." आणि मग त्यांना दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाक मारली, किंवा मारली असावी, कारण ते गेले.  सोमवारी ऑफिसला जायचं होतं.

परत येताना भांडं मावशीच्या मांडीवर होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "तिने विश्वास ठेवला?"

"माहीत नाही."

"मलाही कळलं नाही."  पुढच्या सिग्नलला म्हणाली, "मी तुला माझी आई सांगितली होती. छापायला दिली नव्हती."

मी हो म्हटलं.   खरं लिहिणं चूक नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या खऱ्याची झळ ज्याला लागणार आहे, त्याच्या दारावर आधी थाप मारायची असते, हे मला कुठल्याच पुस्तिकेने शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि मी ते पान घाईने उलटलं असेल.

ऑफिसमध्ये काहीही झालं नाही. काही न होण्याचीही भीती वाटते, हे मला नवीन होतं. मीटिंगचं आमंत्रण आलं नाही की मी कारण शोधायची. काका लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याचं बोलायचे.

लग्नाच्या दोन आठवडे आधी मावशी वर आली, दारातच उभी राहिली. "तू लग्नाला येऊ नकोस," ती म्हणाली. "तू दिसलीस की तिला तो कागद आठवेल."

"नाही येत," मी म्हटलं.

लग्नाच्या शनिवारी खाली गाड्यांची दारं उघडली-मिटली, बायकांचे आवाज आले. मी पडदा ओढून आत बसले होते, फोन हातात. कुणी काही बोललं असेल का, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर? मावशीचा मेसेज येईल असं वाटत होतं आणि येऊ नये असंही. दुपार गेली. दिवेलागणीला गाड्या परत आल्या. मी खिडकीशी जाऊन कान लावला. खाली कुणीतरी जोरात हसलं. मावशी होती की आणखी कुणी, ते वरून ओळखू आलं नाही.