सबनीसांचा आदिमानव आणि आतली खोली

ईश्वर चुरींना यतीन सबनीसांविषयी खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. मीरा रोडला एकाच मजल्यावर समोरासमोर दारं असली म्हणून माणूस कळतो असं थोडंच आहे? त्यात चुरी भिडस्त. एक वाक्य बोलायचं तर दहादा विचार करणार, आणि बोलल्यावर ते बोलायला नको होतं म्हणून रात्रभर तळमळणार. सबनीसांबद्दल मात्र त्यांचं एक मत झालं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

सबनीस पुरातत्त्वाचे. तरुणपणी कुठल्याशा नदीकाठच्या उत्खननात ब्रश घेऊन बसत. खड्ड्यातून चार दगडी हत्यारं निघाली, आणि वरिष्ठांना कळायच्या आत यांनी पेपरवाल्यांना मुलाखत देऊन टाकली. तिथून नारळ मिळाला. मग कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्त होताच स्लाइड दाखवायचं यंत्र घेतलं. २००३-०४च्या सुमाराला आदिमानवावरचं त्यांचं व्याख्यान झालं नाही असं गणपती मंडळ भाईंदर ते घोडबंदर शोधून सापडलं नसतं. नाही म्हणता येत नसल्यामुळे स्लाइडी सरकवायला चुरी बरोबर असत.

भाईंदरच्या एका जैन सोसायटीत सबनीसांचा आदिमानव पहिल्या वर्षी जमीन उकरून कंदमुळं खात होता. पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. दुसऱ्या वर्षी तो नुसती फळं खाऊ लागला, तीही दिवसाउजेडी. घोडबंदरला कोळ्यांपुढे त्याच माणसाने खाडीतली कालवं आणि तिसऱ्या चापल्या. स्लाइड तीच, कवटी तीच.

"याला मासली आवडत व्हती?" म्हातारे राघो कोळी म्हणाले.

"म्हणजे काय राघोबा, तुमचाच पूर्वज तो."

टाळ्या पडल्या. चुरींनी मान खाली घालून पुढची स्लाइड सरकवली. देवळाबाहेर ज्योतिषी बसतो, तोही गिऱ्हाइकाचा चेहरा बघूनच बोलतो. पण तो निदान स्वतःला संशोधक म्हणवत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सबनीसांची मुलगी रसिका डोंबिवलीला दिलेली, तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला हवं? सबनीसांच्या घरी मात्र आतल्या खोलीत दगडांची खोकी छताला टेकलेली, आणि पलंगावर प्लास्टरच्या कवट्या ओळीने मांडलेल्या. सबनीसांच्या पत्नी शैलावहिनी चुरींच्या दारात आल्या.

"भावजी, तुम्ही सांगून बघा. माझं ऐकणं त्यांनी कधीच सोडलंय."

"मी काय सांगणार, वहिनी?"

"जा हो," आतून चुरींच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या. "त्यांची कवटी काही चावणार नाही."

चुरी गेले. खोलीचा विषय निघताच सबनीस हसले. "चुरी, हजारो वर्षं बायका गुहेत बाळंत झाल्या."

"गुहा रिकामी तरी असायची," स्वयंपाकघरातून शैलावहिनी म्हणाल्या.

सबनीस जरा वरमले. येत्या रविवारी खोली रिकामी करतो, खोकी गच्चीवरच्या शेडमध्ये टाकू, असं चुरींच्या देखत कबूल केलं. शैलावहिनींनी तेवढ्यावर रसिकाला फोन केला. माळ्यावरची बाज काढून गच्चीवर उन्हात टाकली, जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली.

रविवारी रसिका आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. केबल चॅनलवाले आले होते. गच्चीवर एकही खोकं गेलं नव्हतं; उलट गच्चीवरची बाज आत आली होती आणि तिच्यावर कवट्या मांडल्या होत्या. दिव्यांच्या उजेडात सबनीस 'माझं छोटंसं संग्रहालय' म्हणून खोली दाखवत होते. रसिकाने बॅग उचलून आत पाऊल टाकलं, तर त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. शूटिंग चालू होतं.

पोर संध्याकाळपर्यंत चुरींच्या सोफ्यावर सुजलेले पाय वर घेऊन बसली. विमलाबाईंनी तिला मऊ भात दिला.

"काकू, मी परत जाते," ती म्हणाली. "तिकडे निदान पलंग रिकामा आहे."

शैलावहिनींनी दुपट्यांचं गाठोडं बांधलं, आणि मुलीच्या बाळंतपणासाठी आईच मुलीच्या सासरी निघाली. जिन्यात भेटलेल्या बायकांना त्या काय सबबी सांगत होत्या, ते चुरींना ऐकवेना. सबनीस खाली रिक्षापर्यंत आले. "दोन दिवसांत करतो गं रिकामी," म्हणाले. रसिकाने रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं.

पंधरवड्याने कार्यक्रम लागला. सबनीस सांगत होते, आईची कूस हेच माणसाचं पहिलं घर. विमलाबाईंनी टीव्ही बंद केला आणि चुरींनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काही विचार न करता मान डोलावली.

रसिकाला मुलगा झाला. शैलावहिनी बारसं झाल्यावरही परतल्या नाहीत. खोली होती तशीच होती. त्याच सुमाराला चुरींच्या मुलाने वसईला घर घेतलं आणि चुरींचं सामान बांधायला सुरुवात झाली. निघायच्या आदल्या दिवशी सबनीसांनी दार वाजवलं. हातात कुकरचं झाकण होतं. विचारावंसं वाटलं की खोलीचं काय केलंत. चुरींनी दहादा विचार केला आणि राहू दिलं.

"चुरी, तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?"

"भिजवली होती?"

"नाही."

"मग पाच काढा."