सायातचा वाटा

झाक्सिलिक या नावाचा आमच्या कझाख भाषेत अर्थ भलेपणा. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव. आणि हा माणूस उभी हयात रंगमंचावर गळे दाबत, विष कालवत, भावाभावांत लावालाव्या करत जगला. आम्ही मानानं त्यांना झाके म्हणायचो. सिर नदीकाठच्या आमच्या नाट्यगृहात मी रंगभूषा करायची. झाकेंच्या भुवया जाड करायच्या, गालाखाली काळपट छटा द्यायची, एवढंच माझं काम. बाकीचं ते डोळ्यांनी करायचे.

उन्हाळ्यात आमचा ताफा बसमधून गावोगाव जायचा. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका गावात झाकेंनी अनाथ पुतणीला विहिरीत ढकललं, तशी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं वाळवलेल्या दह्याचा टणक गोळा नेम धरून मारला. बसला तो बरोबर कपाळावर. प्रयोगानंतर मी टेंगळावर ओली पट्टी ठेवत होते आणि झाके खुशीत होते.

"सागिला, नेम बघितलास म्हातारीचा? याहून मोठं पदक सरकार काय देणार आहे मला?"

तेवढ्यात त्या म्हातारीची नात साईचं भांडं घेऊन माफी मागायला आली. तिचं नाव झिबाश. बोलताना हसू आवरत नव्हतं तिला. झाके तिथेच प्रेमात पडले म्हणायचे.

त्यांनी रीतसर मागणी पाठवली. म्हातारीनं मध्यस्थांना उंबऱ्यातूनच परतवून लावलं.

"पोरीला विहिरीत ढकलणाऱ्याच्या घरात माझी नात? शुद्धीवर आहात का?"

"आजी, ते नाटक होतं."

"आणि मी रडले ते? तेही नाटक? दुष्टपणा आत असल्याशिवाय त्याच्या डोळ्यांत येतो कुठून रे?"

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत झाके मिशा वाढवून त्याच गावी गेले आणि गवत कापायच्या कामाला लागले. झिबाशला सगळं ठाऊक होतं, ती गप्प राहिली. म्हातारीला हा शांत, कष्टाळू गडी इतका आवडला की शेवटी तीच नातीला म्हणाली, "नवरा करावा तर असा." लग्नात कुणीतरी खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारी बराच वेळ नातजावयाचं तोंड न्याहाळत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "पण घरी येताना ते दुसरं तोंड तिकडेच धुऊन येत जा."

झाकेंनी ते पाळलं. कितीही दमलेले असोत, रंगाचा कण चेहऱ्यावर ठेवून ते घरी गेले नाहीत. लग्नानंतर झिबाश एकदा नाटकाला आली आणि मध्यंतरात उठून गेली. "मला नाही सोसत तुम्हाला असं बघायला," एवढंच म्हणाली. मग कित्येक वर्षं ती नाटकाकडे फिरकली नाही.

त्यांना एकच मुलगा, सायात. त्याचं उलट. त्याला बापाच्या दुष्टपणाचा भारी अभिमान. अंगणात दोस्तांना दम द्यायचा, "माझे बाबा कुणालाही मारू शकतात, समजलं?" मोठा झाला, उंच झाला, आणि सैन्यात भरतीचं वय होताच अफगाणिस्तानातल्या लढाईवर गेला.

त्या हिवाळ्यात झाकेंनी शेजाऱ्यांबरोबर मांसाच्या बेगमीसाठी घोडा कापला. आमच्याकडे घरातलं माणूस दूर असलं तरी त्याचा वाटा काढतात. झिबाशनं सायातसाठी बरगडीचं मांस मीठ लावून, फडक्यात गुंडाळून थंड खोलीत टांगलं. मी गेले होते त्या दिवशी. म्हणाली, "आला की पहिल्या दिवशी हेच शिजवीन."

वसंतात जस्ताची शवपेटी आली. सीलबंद. सोबतचा अधिकारी म्हणाला, उघडायची नाही. झिबाशनं पेटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि त्याला विचारलं, "ही आखूड नाही का हो? माझा पोरगा उंच आहे."

बरेच दिवस झाके कामावर आले नाहीत. आले ते सरळ दिग्दर्शकाच्या खोलीत गेले. युद्धावर गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या बापाचं एक नाटक बसत होतं. झाके म्हणाले, "तो बाप मला द्या." दिग्दर्शकाला नाही म्हणवलं नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भुवया पांढऱ्या केल्या. दाढी चिकटवली. शहरातल्या पहिल्या प्रयोगाला सगळं प्रेक्षागृह निश्चल होतं. झाकेंना वाटलं, जमलं. मला मात्र पडद्याआडून दिसत होतं, लोक नाटकातल्या बापाकडे बघतच नव्हते. सगळं शहर पेटीच्या मागे चाललेलं होतं; ते झाकेंकडे बघत होते.

मग दौरा लागला. झिबाशला घरी एकटं राहवेना, म्हणून तीही बसमध्ये बसली. लांबच्या एका गावात क्लबच्या दालनात प्रयोग होता. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते विहिरीत ढकलणारे झाके. ते मंचावर आले आणि लोकांत आनंदाची कुजबुज उठली. "आला! बघा आता काय करतो." शेवटच्या बाकावर झिबाश बसली होती.

दुसऱ्या अंकात तो बाप मुलाचा मांसाचा वाटा तुळईला टांगतो आणि म्हणतो, "हा त्याचा. याला कुणी हात लावायचा नाही."

मधल्या रांगेतून गावचा एक ड्रायव्हर ओरडला, "सगळे झोपले की एकटाच खाणार हा!"

आख्खं दालन हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांच्या लाडक्या खलनायकाचं कौतुकच होतं ते. झाके दोरी हातात धरून उभे राहिले. हसणं थांबेना. तेव्हा मागून झिबाश उठली.

"हसू नका," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ते माझ्या सायातचं आहे. तो मेला."

पुढे बापाला वाक्य होतं. पडद्याआडून नटांना वाक्यं सांगणारी आमची बाई ते दोनदा कुजबुजली. झाकेंनी दोरी सोडली, पायऱ्या उतरले आणि पांढऱ्या दाढीसकट लोकांतून चालत जाऊन बायकोशेजारी बाकावर बसले. तिनं त्यांचा हात मांडीवर घेतला. पडदा कुणी पाडला, मला आठवत नाही.

तो ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आला. "मला ठाऊक नव्हतं हो, झाके."

"तुझा काय दोष रे बाबा," झाके म्हणाले. "इतकी वर्षं मीच शिकवलं तुम्हाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून."

ती भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. शरद ऋतूत झाकेंनी आपला जुना दुष्ट काका परत मागून घेतला. म्हणाले, निदान ते तरी माझं आहे. पण तोवर क्लबमधली हकीकत जिल्हाभर पसरली होती. त्यांनी पुतणीला विहिरीत ढकललं आणि कुणी शिवी दिली नाही, कुणी काही फेकलं नाही. एक म्हातारी फक्त "अरेरे" म्हणाली, आणि ते त्या पुतणीसाठी नव्हतं.

मी रंग उतरवत होते. आरशात बघत ते म्हणाले, "सागिला, आता माझी कुणाला भीती वाटत नाही गं."

मी दुसऱ्या भुवईचा रंग पुसायला घेतला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी दारावरचा शिपाई, निरोप आणणारा माणूस, असली कामं केली. एक-दोन वाक्यांची. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. थंड खोलीतल्या त्या मांसाचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. पुढे झिबाश छातीच्या दुखण्यानं गेली. झाके एकटेच राहिले.

त्यांना सत्तर वर्षं झाली तेव्हा टीव्हीवाले त्यांचं चित्रण करायला घरी आले. झाकेंनी हट्ट धरला, रंगभूषेला सागिलाच हवी. मीही तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. डबा काखेत मारून गेले. खिडकीपाशी त्यांना बसवलं, पावडर लावायला घेतली.

"सागिला," डोळे मिटून ते म्हणाले, "तू इतकी वर्षं माझा चेहरा रंगवलास. खालचा कसा होता गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सायातसारखा."

त्यांनी हळूच मान हलवली. "नाही. तो आईवर गेला होता. सगळाच्या सगळा आईवर."

मग त्यांच्या ओल्या गालांवर पावडर काही केल्या बसेना. मी बाहेर जाऊन टीव्हीवाल्यांना सांगितलं, जरा थांबा, चहा घ्या, झाकेंना अजून वेळ आहे.