भोंगा बंद झाल्यावरचं जेवण

मतिमंद मुलांना शिकवण्याचा वर्षभराचा कोर्स मी करत होते, तेव्हा इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या. राजवाड्याकडे रंगीत टीव्हीची नवी दुकानं उघडत होती आणि मिलच्या चाळींत धडधाकट पुरुष भर दुपारी ओट्यावर बसलेले दिसत. आमच्या घरी सगळे नोकरदार, त्यामुळे ती झळ आम्हाला लागली नव्हती. आईला माझा कोर्स म्हणजे थट्टेचा विषय होता. "पोरांना भरवायला सर्टिफिकेट? तुम्हा तिघांना मी तर बिना सर्टिफिकेटचंच वाढवलं," ती म्हणायची.

शेवटच्या काही महिन्यांत प्रत्येकीला एका मुलाच्या घरी जाऊन काम करायचं होतं. आमच्या कोर्सच्या बाई मधूनमधून तिथे येऊन कोपऱ्यात बसत आणि चकार शब्द न काढता बघत. मला त्यांची भीती वाटायची. माझ्या वाट्याला आला चाळीतला नऊ वर्षांचा मुलगा. तो बोलत नव्हता, कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता, आणि वडलांची मिल बंद झाल्यापासून धड जेवतही नव्हता. ताट समोर आलं की ढकलून द्यायचा, डोकं भिंतीवर आपटायचा. मिल बंद झाल्याचं दुःख पोराने मनाला लावून घेतलं, असं शेजारणी म्हणत. त्याच्या आईने दृष्टही काढून पाहिली होती.

त्यांच्या घरात घाई होती ती वेगळीच. वडील विणकर. मेहुण्याने सुरतेला लूमवर त्यांच्यासाठी जागा बघून ठेवली होती, पण नवरात्रापर्यंतच. पोर असं उपाशी टाकून ते जाणार कसे?

बाईंनी एकच सांगितलं, "रडण्याकडे बघत बसू नका. रडण्याच्या आधी काय झालं, किंवा काय व्हायचं राहिलं, ते बघा."

मी मुलाच्या आईला खोदून विचारलं की पूर्वी हा जेवायला कसा बसायचा. ती म्हणाली, "बस, असाच. मिलचा भोंगा व्हायचा, मी ताट वाढायची, हा येऊन बसायचा." बोलता बोलता तीच थांबली. मी काही म्हणायच्या आत वडलांनी तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि भोंगा काढला. लांब, घोगरा, शेवटी खाली येणारा, थेट मिलचा. मुलगा पलंगाखालून निघाला, मांडी घालून बसला आणि वरण-भात खाऊ लागला. आईने पदर तोंडाला लावला. बाहेरून एक म्हातारा डोकावला, "मिल चालू हो गई क्या, भिया?"

त्या आठवड्यात वडील दोन्ही वेळेला भोंगा देत. मिल सुटल्यापासून त्यांना कुणी कशाला विचारलं नव्हतं, आता ताट त्यांच्यावाचून हलत नव्हतं. चाळीतली पोरं हसायची, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ते दाढी करून बसू लागले. मलाही ते सगळं फार आवडलं. वाटलं, झालं आपलं काम.

बाईंनी ते बघितलं आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन मला विचारलं, "वडील सुरतेला गेल्यावर भोंगा कोण देणार?"

तेव्हा खरं काम सुरू झालं. दिलेला आधार हळूहळू काढून घ्यायचा, हे पुस्तकात एका ओळीत असतं. आधी भोंग्याबरोबर आईने ताटावर चमचा वाजवायचा. मग भोंगा हळू करायचा, मग नुसते ओठ हलवायचे, मग वडलांनी दाराशी बसायचं, मग बाहेर. प्रत्येक पायरीला मुलगा एखाद-दोन जेवणं अडून बसे, आणि प्रत्येक पायरीला वडील चुकत. माझी पाठ वळली की आवाज चढे.

"काका, असं नाही करायचं," मी चिडून म्हणायची.

"थोडा जोरात झाला तर काय बिगडतंय, ताईजी? पोराला बरं वाटतं."

कुणाला बरं वाटतं ते मला दिसत होतं. मला त्यांचा राग येई आणि तितकीच कीवही येई. पण नवरात्र जवळ आलं होतं, आणि मी बावीस वर्षांची असूनही बापाच्या वयाच्या माणसाला दाराबाहेर बसवत राहिले.

माझ्या परीक्षेच्या दिवशी बाई कोपऱ्यात बसल्या. वडील बाहेर ओट्यावर होते. आईने ताट वाढलं, चमचा वाजवला. मुलगा आला, बसला, आणि पोळीचा तुकडा मोडला. शेवटपर्यंत जेवला. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढ्याने माझा जीव भांड्यात पडला.

मी बाहेर आले तर काका उभे राहिले.

"जेवला?"

"सगळं जेवला."

"दरवाज्याकडे बघितलं का त्याने? एकदा पण?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण हो म्हटलं असतं तर ते सुरतेला गेले नसते.

"नाही, काका. एकदाही नाही."

"मग मी जाऊ शकतो," ते म्हणाले, आणि पुन्हा ओट्यावर बसले.