ओगुलगेरेकचं पांढरं घर

उत्तर इराणातल्या कलालेहून निघालेली मिनीबस मरावेतप्पेच्या चौकात थांबली की परगावचे पाहुणे ड्रायव्हरला विचारतात, "इथे राहायची सोय कुठे होईल?" ड्रायव्हर इंजिन बंद न करताच हनुवटीने नदीकडचा रस्ता दाखवतो.

"गेरेककडे जा. आणि नाही गेलात, तरी ती येऊन घेऊन जाईल."

यात अतिशयोक्ती फारशी नाही. गेरेक आता पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, पाठीवर लाल फुलांची मोठी शाल सोडून रस्त्याच्या मधोमध चालणारी बाई. समोरून ट्रक आला तर ट्रकवालाच बाजूला घेतो. तिचं पूर्ण नाव ओगुलगेरेक, म्हणजे सरळसरळ 'मुलगा हवा'. चार मुलींच्या पाठीवर पाचवी झाली तेव्हा तिच्या बापाने, नूरगेल्दीने, देवाला समजावं म्हणून हे नाव ठेवलं. देवाने काही मनावर घेतलं नाही, सहावीही मुलगीच झाली. मग नूरगेल्दीने वाट बघणं सोडलं आणि या पाचवीला आधी घोड्यावर बसवलं, नंतर ट्रॅक्टरवर. उतारावरच्या गव्हाच्या शेतात ती नांगरट करायची तेव्हा तिचे पाय जेमतेम क्लचपर्यंत पोचत. कुणी नावावरून चिडवलं तर म्हणायची, "हवा होता ना मुलगा? मग आलेय की मी!"

लग्न होऊन ती ट्रकवाल्या तुवाकच्या घरी आली. नव्या सुनेने शालीचं टोक दातांत धरून ठेवायचं आणि सासूशी एक शब्द बोलायचा नाही, ही आमच्या तुर्कमेन लोकांची रीत. कुणाकुणाच्या घरी ती वर्षानुवर्षं चालते. गेरेकने मुकाट्याने पाळली. पण तुवाक ट्रक घेऊन बाहेरगावी गेला की शेताचं सगळं हिच्याच अंगावर पडायचं. सासू आयनाबात बांधावर उभी राहून विचारायची, "उद्या कुठला तुकडा नांगरणार?" आणि ही दातांत शाल धरून ट्रॅक्टरवरून नुसते हातवारे करायची. एके दिवशी त्या हातवाऱ्यांचा भलताच अर्थ लागला आणि आयनाबातने शेजाऱ्याचं शेत साफ करून ठेवलं. त्या संध्याकाळी तिने सुनेसमोर नवी शाल ठेवली आणि म्हणाली, "सोड ते टोक. बोल बाई एकदाची. नाहीतर गावभरची शेतं मलाच झाडावी लागतील." त्या दिवसापासून गेरेक तिला एजे, म्हणजे आई, म्हणू लागली, आणि पुढे तिचं तोंड कधी बंद झालं नाही.

चाळिशीच्या आतच तुवाक हृदयाच्या झटक्याने गेला. लेक सोना तेव्हा शाळेत होती, आता गोरगानला नर्स आहे. एजेने मुलामागे बोलणंच टाकलं. ओट्यावर बसून नुसती टेकड्यांकडे बघायची. लोकांना वाटलं, म्हातारीचे कान गेले. घरातले निर्णय धाकटा दीर हल्लीमोराद घेऊ लागला. चौकात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घर भिंतीला भिंत लागून. माणूस मायाळू, पोट भलंमोठं, आणि जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय होऊ नये असं त्याचं ठाम मत.

एका वसंतात, टेकड्या हिरव्यागार होऊन खसखशीच्या रानफुलांनी लाल झाल्या होत्या, तेव्हा इस्फहानहून एक जोडपं टेकडीवरच्या खालिद नबीच्या दर्ग्याच्या झियारतीला, म्हणजे दर्शनाला, निघालं. निवृत्त शिक्षिका शाहीन खानम आणि तिचा नवरा मन्सूर. सकाळी पाऊस पडून गेला होता. आमची माती कोरडी असली की दगड, भिजली की साबण. दुपारी गेरेक शेतातून परतत होती, तर चढावर पांढरी गाडी आडवी झालेली आणि मन्सूर चाकाखाली आपला कोट घालून बघत होता.

"कोट काढा तो," गेरेक ट्रॅक्टरवरूनच ओरडली. "चांगला दिसतोय, फुकट जाईल."

"बाई, तुमच्याकडचा कुणी पुरुषमाणूस बोलावता का? ट्रॅक्टरने ओढायला हवी."

"मग मी काय बकरी हाकायला बसलेय इथे?"

शाहीन खानम गाडीत बसल्या बसल्या हसली. अर्ध्या तासात गाडी गेरेकच्या अंगणात होती. आणि रस्ता वाळेपर्यंत ती दोघं तिची पाहुणी. प्रत्येकासमोर हिरव्या चहाची आपली आपली किटली आली, तंदूरची गरम रोटी आली, मागून चेकदेरमेचं पातेलं. मटणाच्या रश्शात शिजलेला तो लालसर भात मन्सूरने तीनदा घेतला आणि कोटाचं दुःख विसरला.

झोपायला खोली एकच, रात्री सगळी त्यातच दाटीवाटीने पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करताना शाहीन खानमने मागच्या शेडमध्ये डोकावलं. तिथे धुळीत वाकवलेल्या काठ्यांचे भारे, घडी घातलेल्या लाकडी जाळ्या आणि बैलगाडीच्या चाकाएवढं एक चक्र भिंतीला टेकवलेलं होतं.

"हे काय आहे, गेरेक खानम?"

"एजेचं घर. लग्न होऊन ती यातच आली. लोकर लाटून केलेल्या पांढऱ्या नमद्याचं गोल घर. माझे सासरे वारले तेव्हा उतरवलं, ते उतरलंच."

"मग परत उभं नाही केलंत?"

गेरेक उत्तर देणार तोच फाटकाशी एक पिकअप थांबली. पुढून हल्लीमोराद उतरला, मागून दोन मजूर. गोरगानच्या एका हॉटेलवाल्याला त्याने या सगळ्या लाकडाचा शब्द दिला होता. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार होते म्हणे. घरात कुणाला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं.

"गेलनेजे, जरा बाजूला हो," तो वहिनीला म्हणाला. "वाळवी लागून जाण्यापेक्षा कुठेतरी चार लोक बघतील."

"एजेला विचारलंस?"

"एजेला काय विचारायचं? तिला ऐकू तरी येतं का?"

"मला जे ऐकायचं असतं ते येतं," ओट्यावरून आवाज आला.

हल्लीमोरादने वळून बघितलं. आयनाबात काठीवर जोर देत उठली, अंगण ओलांडून शेडपाशी आली आणि चक्रावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या घराच्या दारात बसून परके लोक कबाब खाणार? आणि मी कुठे बसू?"

"एजे, मी शब्द दिलाय..."

"तुझा शब्द तू परत घे. मी माझं घर दिलेलं नाही."

मजूर आधी एकमेकांकडे बघू लागले, मग चहाकडे. गेरेकने त्यांनाही किटल्या दिल्या. पिकअप रिकामी गेली. हल्लीमोरादने तेव्हापासून वहिनीशी बोलणं टाकलं. त्याच्या मते हे सगळं तिनेच म्हातारीच्या डोक्यात भरवलं होतं.

शाहीन खानम निघताना एवढंच म्हणाली, "हे उभं राहिलं तर मी माझ्या मैत्रिणींना घेऊन येईन. झोपायला यातच." गेरेकला ते मनापासून पटलं. वसंतात टेकड्या बघायला एवढी माणसं येतात, तिच्या फाटकाशी थांबून पाणी पितात आणि संध्याकाळी परत जातात, कारण पाठ टेकायला जागा नाही. जागा तर शेडमध्ये पडली होती.

लाकूड शाबूत होतं, पण जुन्या नमद्यांची कसरीने चाळण केली होती. गेरेक ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून अत्रेक नदीच्या काठाने मेंढपाळांच्या वस्त्या फिरली. "लोकर द्या, बदल्यात तुमच्या लेकरांच्या लग्नाचं सामान फुकट वाहीन," असा तिचा रोखठोक व्यवहार. पांढरी लोकर ट्रॉली भरून आली. मग अंगणात शेजारपाजारच्या बायका जमल्या. वेताच्या चटईवर लोकर पसरायची, वरून कढत पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळायची आणि रांगेत गुडघे टेकून कोपरांनी लाटायची. दोन-तीन दिवसांनी कुणाचे हात उचलत नव्हते. गेरेक ओळीच्या मधोमध बसून जुनी लग्नगीतं आपल्या मनाने शब्द बदलून म्हणायची आणि त्यात हल्लीमोरादच्या पोटाला एक कडवं असायचं. भिंतीपलीकडे तो ऐकतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घर उभारायच्या दिवशी एजेने ओटा सोडला आणि अंगणाच्या मध्यावर बैठक मारली.

"जाळी ताण! एवढी नाही, कुंपण घालतेस का?"

"एजे, मग किती?"

"माझ्याकडे बघू नकोस, जाळीकडे बघ! आता छताचं चक्र वर. धर! गेरेक, डावी काठी आधी, डावी! तुझा डावा हात कुठे असतो तेवढं तरी ठाऊक आहे ना?"

सुनेने घामाने निथळत चक्र डोक्यावर तोललं होतं. तरी ती हसत होती. किती वर्षांनी म्हातारी अशी कचाकचा भांडत होती! संध्याकाळपर्यंत चक्र जागेवर बसलं, पांढरा नमदा ओढला गेला, रंगीत पट्टे आवळले गेले. एजे आत गेली, दाराच्या समोरच्या अंगाला बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गेरेकनेही तिला हाक मारली नाही.

मे महिन्यात शाहीन खानम खरंच मैत्रिणींना घेऊन आली. मग त्यांच्या ओळखीने आणखी कुणी. हल्लीमोरादने जाऊन गावातल्या म्हाताऱ्या पंचांकडे तक्रार केली, विधवेच्या अंगणात परकी माणसं झोपतात, लोक काय म्हणतील? पंचांपैकी सगळ्यांत वडील अराझ आगा चौकशीला आले. उंच लोकरी टोपी सावरत आत शिरले, चहा प्याले, चेकदेरमेचं एक ताट संपवलं, दुसरं मागितलं. मग नमद्यावर हात फिरवून म्हणाले, "पोरी, मला जरा पडू देतेस?" चांगले घोरले. उठल्यावर दारात उभ्या हल्लीमोरादला एवढंच म्हणाले, "पाहुण्याला दार दाखवणं तुझ्या बापाने तुला शिकवलं नव्हतं. घरी जा." तक्रार तिथेच संपली. अबोला मात्र राहिला.

त्या उन्हाळ्यात मशहदहून पाच कॉलेजकन्यका उतरल्या होत्या. दुपारची जेवणं झाली आणि उत्तरेकडे, वाळवंटाच्या अंगाला, आकाश पिवळं पडलं. गेरेक बाहेर धावली, तोवर वारा आलाच. वाळू डोळ्यांत, पत्रे उडताहेत, कोंबड्या कुठल्या कुठे. पांढरं घर एका अंगाने वर उचलल्यासारखं झालं. मुली किंचाळल्या.

"किंचाळू नका, जाळ्या धरा!" एजे आतून गरजली. "गेरेक, मधला दोर सोड चक्रातून! त्याला वजन लटकव!"

"कशाचं? गव्हाचं पोतं?"

"पोतं कुठंय? सगळं तर तू पाहुण्यांना खाऊ घातलंस!"

तेवढ्यात दार ढकलून हल्लीमोराद आत आला. पिवळं आकाश बघून दुकान उघडं टाकून धावत आला होता. मिशा वाळूने भरलेल्या, छाती धपापतेय.

एजेने त्याला वरून खालपर्यंत बघितलं. "आलं पोतं," ती म्हणाली.

त्याने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी दोर पकडला, पाय उचलले आणि अख्खं वजन टाकून लोंबकळला. वरचं चक्र करकरलं आणि थांबलं. गेरेक बाहेर जाऊन एकेक दोर खुंटीला आवळत घराभोवती फिरली, वाऱ्याला लाखोल्या वाहत. मुली आतून जाळ्या छातीशी धरून उभ्या. वारा बराच वेळ घुमला. दोराला लटकून हल्लीमोराद हळूहळू गोल फिरत होता. मुलींपैकी एकीला हसू आवरेना. मग दुसरीला. शेवटी तोही हसायला लागला, तर एजे ओरडली, "हसू नकोस, हलतंय घर!"

वारा पडला तेव्हा शेजारच्या गोठ्याचं छप्पर नदीपाशी सापडलं. गोल घराची मात्र एक काठी हलली नव्हती. हल्लीमोराद खाली बसला, सोललेले तळवे न्याहाळले आणि कित्येक महिन्यांनी वहिनीशी बोलला.

"गेलनेजे, चहा टाक."

"टाकते. रोटी खाणार?"

"चार आण. पुढच्या वाऱ्याला वजन कमी पडायला नको."

तेव्हापासून चौकातल्या त्याच्या दुकानात पाहुण्यांच्या बॅगा ठेवायची सोय झाली. प्रत्येक पाहुण्याला तो वादळाची गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत गेरेक कुठेशी चहा करत असते आणि घर तो एकटा वाचवतो. गेरेक मध्ये बोलत नाही. "पाहुणे रमतात की," एवढंच म्हणते.

गेल्या शरदात एजे गेली. दुपारी चहा पिऊन आडवी झाली, ती उठली नाही. पांढऱ्या घरात, आपल्या जागेवर. गेरेक भरपूर रडली, अख्ख्या गावाला जेवू घातलं आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून पुढल्या आठवड्यात बुकिंग घेऊ लागली.

हिवाळ्यात शाहीन खानमच्या आग्रहावरून ती आयुष्यात पहिल्यांदा इस्फहानला गेली. मन्सूर कौतुकाने तिला पूल दाखवायला घेऊन गेला. तिने कमानी मोजत पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला, खाली वाकून बघितलं.

"पूल फार देखणा आहे, मन्सूर आगा. नदी कुठे ठेवलीत?"

नदी त्या वर्षी कोरडीच होती. आठवड्याचा मुक्काम ठरला होता, चौथ्या दिवशी ती परतीच्या बसमध्ये बसली. जाताना तिने चौकाजवळच्या सुताराला सांगून ठेवलं होतं; परतली तेव्हा दुसऱ्या घराच्या जाळ्या तयार होत्या. एकट्या पांढऱ्या घरात आता माणसं मावेनात. शेजारच्या दोघी बायकांनीही आपापल्या खोल्या पाहुण्यांसाठी रिकाम्या केल्या होत्या, तरी मावेनात.

या वसंतात, टेकड्या नुकत्या हिरव्या होत असताना, दुसरं चक्र चढवायचा दिवस आला. खाली हल्लीमोराद काठ्या पुरवत होता, त्याची बायको पट्टे सोडवत होती, सोना सुट्टी काढून आली होती. चक्र थोडं कलतं बसलंय असं हल्लीमोरादला वाटलं. तो म्हणाला, "एजे असती तर सांगितलं असतं."

गेरेकने शिडीवर उभं राहून चक्राकडे एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून. मग मुठीने एक ठोसा दिला. लाकूड 'खट्' करून खाचेत बसलं.

"सरळ आहे," ती म्हणाली. "पुढची काठी दे. आणि लवकर, संध्याकाळच्या बसने तेहरानचे लोक येतायत."