बंद खाजणातल्या शिंपल्या

गालमोक गावात जोमरेला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लग्न होऊन बोसोंगहून आली म्हणून ती बोसोंगवाली. सत्तरी उलटून गेली, बोसोंगला जाणंयेणं कधीच थांबलं, तरी बोसोंगवालीच. शेजारची बाई गोहुंगची, म्हणून ती गोहुंगवाली. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आल्या आणि एकाच सकाळी पहिल्यांदा खाजणात उतरल्या. फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा आणि ओहोटीच्या चिखलावरून घसरत जायचं, हे बघायला सोपं आहे. पहिल्या दिवशी दोघीही तोंडावर आपटल्या आणि सासवांनी पोट धरधरून हसून घेतलं.

तेव्हा खाजणात शिंपल्या हव्या तितक्या होत्या. मग शहरातले व्यापारी ट्रक घेऊन बांधापर्यंत यायला लागले, आणि गावाने चिखल उपसून बारीकसारीक पिल्लांसकट शिंपल्या विकल्या. काही वर्षांत फळी घेऊन दिवसभर फिरलं तरी परातीचा तळ झाकेना. गावातली पोरं कारखान्यांत गेली. जोमरेचा एकुलता एक मुलगाही उल्सानला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल ती कुणाला बोल लावत नसे, पण खाजण रिकामं झालं नसतं तर पोरगा इथेच राहिला असता, ही गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून वरचं खाजण बंद ठेवायची कल्पना निघाली तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. तीन वर्षं बंद, मग एक हिवाळा खुलं, की पुन्हा बंद. खालच्या खाजणात रोजच्यापुरतं काय मिळेल ते काढावं. आणि बंद खाजणात जो हात घालेल, त्याने ते उघडेल त्या हिवाळ्यात बांधाखाली पाय ठेवायचा नाही. हा शेवटचा नियमही जोमरेनेच सुचवला. राखणीला कुणी तयार होईना, तेव्हा ती म्हणाली, "मी आहे ना." त्या दिवसापासून ती पहाटे फळी घेऊन वरच्या खाजणाला एक फेरी मारून यायची. डोळ्यांत तेल घालून राखण केली बाईने. लोकांना नियमापेक्षा तिचीच जास्त भीती वाटायची.

गेल्या खेपेला खाजण उघडण्याच्या जरा आधी तिने एक चोर पकडला, तोही कोण, तर गोहुंगवाली! बादलीत पुरे दोन पसेही शिंपल्या नव्हत्या. गोहुंगवाली म्हणत होती, "अगं, ऐक तर. पोरगा बुसानहून नवीन सून घेऊन..." पण जोमरेने ऐकून घेतलं नाही. बादली तशीच उचलून गावच्या सभेत नेऊन ठेवली. तो अख्खा हिवाळा गोहुंगवाली बांधावर बसून राहिली आणि सगळ्या बायका खाली भरभरून शिंपल्या काढत राहिल्या. दोघींचं बोलणं तुटलं नाही, शेजारी राहून ते तुटत नाही, पण त्यानंतर गोहुंगवाली तिला कधी घरात ये म्हणाली नाही.

यंदा हिवाळ्यातल्या नव्या वर्षाच्या सणानंतर वरचं खाजण पुन्हा उघडणार होतं. जोमरेच्या गुडघ्याचं ऑपरेशन वसंतात ठरलं होतं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की त्यानंतर फळीवर गुडघा टेकायचा नाही. म्हणजे हे तिचं शेवटचं खाजण. ती हे कुणापुढे बोलून दाखवत नव्हती, पण नवऱ्याने बनवलेली फळी तिने दोनदा तेल लावून उन्हात ठेवली होती.

त्याच सुमारास गावात बातमी आली. निसर्ग सांभाळून गावाचं भलं करणाऱ्या वस्त्यांना मानाचं पत्र मिळणार होतं आणि गालमोकचं नाव शेवटच्या निवडीत होतं. सोलहून तिघं परीक्षक बघायला यायचे होते. मच्छीमार मंडळाचा प्रमुख तेगोन नुसता वाऱ्यावर तरंगत होता. त्याने सभागृह धुवून घेतलं, बांधावरचं गवत कापलं, आणि स्वयंपाकाची जबाबदारी जोमरेवर टाकली.

"काकी, शिंपल्या मात्र बाजारातून आणतो," तो म्हणाला. "खालच्या खाजणातल्या या एवढ्याशा. उकडल्यावर ताटात वाटाणे मांडल्यासारखं दिसेल."

"बाजारातून?" जोमरे कडाडली. "गालमोकला आलेल्या पाहुण्याला परगावच्या शिंपल्या वाढायच्या? त्यापेक्षा त्यांना उपाशी पाठव. नाक कापून घ्यायची हौस असेल तर स्वतःचं काप, माझं नको."

"मग करायचं काय?"

"ते माझं मी बघते. तू आपला कोट इस्त्री कर."

आमच्याकडे पाहुण्यापुढे घरातलं उत्तम न ठेवणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवण्यासारखं आहे. जोमरे याच रीतीत वाढली, याच रीतीने तिने आयुष्यभर लोकांना जेवायला घातलं. पाहुणे यायच्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी राखणीच्या फेरीला गेली. वरच्या खाजणात डावीकडे, मोडक्या खांबाजवळ, तिने चिखलात हात घातला. तीन वर्षं कुणी हात न लावलेल्या शिंपल्या तळहातात मावत नव्हत्या. तिने परात भरून घेतली. आपण चोरी करतोय असं तिला त्या घडीला खरंच वाटलं नाही. खाजण गावाचं, पाहुणे गावाचे, आणि ज्या खाजणासाठी ते एवढ्या लांबून येणार त्याची चव त्यांना नको का कळायला? असं ती मनाशी घोकत होती. पण परतीला तिने परात पोत्याने झाकली.

शिंपल्या तिने उत्तम उकडल्या. एकाच दिशेने ढवळल्या, पाणी पुरतं उसळायच्या आत उतरवल्या. ताटं मांडली, भात, रस्सा, आंबवलेल्या कोबीची किमची आणि मधोमध या काळ्याभोर टपोऱ्या शिंपल्या. गोहुंगवाली वाढायला मदतीला आली होती. तिने एक शिंपली उचलली, मागच्या सांध्यात चमचा घालून उघडली आणि जोमरेकडे बघितलं. मग ती खाऊन टाकली. हिने ओळखलं, हे जोमरेला कळलं.

तेगोनला काहीच उमगलं नव्हतं. बांध, खाजण, गावचे नियम असं सगळं तो घसा बसेस्तोवर समजावून जेवायला बसला होता. परीक्षकांची प्रमुख चष्मेवाली, साधी, बोलकी बाई होती. तिने भरपूर शिंपल्या खाल्ल्या, तांदळाची दारू दोन पेले घेतली आणि सहज विचारलं, "हा नियम आतापर्यंत कुणी मोडला नाही का?"

"छे! आमच्या गावात?" तेगोन हसला. "एकानेही नाही."

"मी मोडला," मागून गोहुंगवाली म्हणाली. हातात किमचीचं भांडं होतं, ते तिने शांतपणे ताटाशेजारी ठेवलं. "गेल्या खेपेला. हिवाळाभर बसले होते बांधावर."

तेगोनच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र खुलली. "तुम्हाला पकडलं कुणी?"

"ही काय, समोर बसलीय. फार कडक बाई आहे. हिच्या हातून सुटका नाही कुणाची."

गोहुंगवाली पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं जोमरेला वाटलं. कुणी आरोप केला असता तर तिला भांडता आलं असतं. आता सगळी पाहुणी मंडळी तिच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि तिला त्या कौतुकाची शिसारी आली.

"आजी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून..." बाई बोलायला लागली.

"थांबा बाई," जोमरे म्हणाली. "तुम्ही खाताय त्या बंद खाजणातल्या आहेत. आज पहाटे मीच काढल्या."

"काकींना चेष्टेची सवय आहे," तेगोन घाईने म्हणाला.

"चेष्टा कसली रे? तुझ्या खालच्या खाजणात एवढी शिंपली कधी बघितलीस? यात तेगोनचा काही दोष नाही बाई. त्याला ठाऊक नव्हतं."

एका पाहुण्याने हातातली उघडलेली शिंपली परत ठेवली. जोमरे म्हणाली, "आता खाऊन टाका. टाकून देऊ नका, ते जास्त वाईट." आणि ती रस्सा आणायला आत गेली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

पाहुणे गेल्यावर तेगोन मोरीपाशी उभा राहून ओरडला. "खरं बोलायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला, काकी? गाडी गावाबाहेर पडेपर्यंत थांबता आलं नाही?" जोमरे भांडी घासत राहिली. त्याचं चुकत नव्हतं. गावाची इतक्या वर्षांची मेहनत तिने एका परातीत बुडवली होती, असं तिलाही वाटत होतं.

पण मानाचं पत्र आलंच. कुणी म्हणालं तिने कबूल केलं म्हणून आलं, कुणी म्हणालं कबूल करूनही आलं. खरं काय ते सोलच्या लोकांना ठाऊक. पत्रासोबत आलेली लाकडी पाटी सभागृहाच्या भिंतीवर लागली, त्या पाटीसोबत गावाने फोटो काढला. त्याच संध्याकाळी जोमरेच्या शिक्षेचं ठरवायला सभा बसली. तेगोनचा राग आता पार निवळला होता.

"काकींनी स्वतःसाठी काही घेतलं नाही," तो म्हणाला. "गावच्या पाहुण्यांसाठी घेतलं. यंदा त्यांना माफ करावं असं मला वाटतं. शिवाय गुडघ्याचंही आहेच."

बहुतेकांनी माना डोलावल्या. जोमरे खाली बघत बसली होती. तिला माफी हवी होती, मनापासून हवी होती. उघडल्या खाजणात एकदा, एकच दिवस जायला मिळावं, बस्स. घरी फळी तेल पिऊन तयार होती. तिने मान वर केली तर समोर गोहुंगवाली. तिने मान डोलावली नव्हती आणि नकारही दिला नव्हता. ती नुसती बसली होती, गेल्या खेपेला बादलीसमोर बसली होती तशी.

"त्या वेळी हिच्याकडेही पाहुणेच होते," जोमरे म्हणाली. "नवीन सून होती. माझं जे झालं तेच हिचं झालं होतं. तेव्हा कुणी माफीचं बोललं नाही, आणि मी तर ऐकूनही घेतलं नाही. मी बसते बांधावर."

सभा तेवढ्यावरच उठली.

सणानंतरच्या मोठ्या ओहोटीला वरचं खाजण उघडलं. थंडी कडाक्याची होती. गावातल्या सगळ्या बायका बांधावर जमल्या. जोमरे फळी घेऊन आली तशा सगळ्या चपापल्या. तिने ती गोहुंगवालीपुढे ठेवली.

"तुझी चिरलीय. ही घेऊन जा."

गोहुंगवालीने फळीवर हात फिरवला. "तेल बरंच पाजलंयस."

"त्या वर्षी मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

"हो, हवं होतं," गोहुंगवाली म्हणाली आणि फळी घेऊन उतरली.

बायका चिखलावर पांगल्या. जोमरे बांधावर मफलर गुंडाळून बसली. पण तिला राहवेना. उभी राहून ती ओरडली, "अगं, उजवीकडे काय उकरतेस! डावीकडे जा! मोडक्या खांबाजवळ मोठ्या आहेत!"

गोहुंगवाली फळीवरूनच वळली. "तुला कसं ठाऊक ते मला ठाऊक आहे!"

अख्खं खाजण हसलं. जोमरेही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही. गोहुंगवाली मोडक्या खांबाकडे निघाली होती. एक गुडघा फळीवर, दुसरा पाय चिखलात. भरती येईपर्यंत जोमरे तिथेच उभी राहून तिला कुठे हात घालायचा ते ओरडून सांगत होती.